कंटेनर जाऊ दे, किल्ली सांभाळा

गेल्या अंकात डॉकरवर, म्हणजे ॲपला त्याच्या सगळ्या सामानासह कंटेनर नावाच्या वेगळ्या खोक्यात चालवणाऱ्या साधनावर, लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच जागी अडलेली दिसली. ॲप कंटेनरमध्ये नीट चालतं, पण त्याच्यापुढे एचटीटीपीएससाठी ठेवलेल्या प्रॉक्सीपाशी घोडं पेंड खातं. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिली आहे. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते : टीएलएस प्रॉक्सी म्हणजे बाहेरून आलेली सुरक्षित जोडणी स्वतः उलगडून आतल्या ॲपकडे साध्या एचटीटीपीने विनंती पोचवणारा प्रोग्राम. सर्टिफिकेट (साइट खरीच आहे याचा दाखला) आणि खाजगी किल्ली (तो दाखला आपलाच असल्याचं सिद्ध करणारी गुप्त फाइल) त्याच्याकडे असते, ॲपला त्यातलं काही ठाऊक नसतं. कोल्हापूर परिसरातल्या शाळा, वाचनालयं आणि लहान पतसंस्थांचे सर्व्हर मी सांभाळते. तिथे रोज जे दिसतं त्यावरून ही उत्तरं दिली आहेत. पत्रं जागेसाठी कापली आहेत.

प्रश्न : ताई, आमच्या वाचनालयाची पुस्तकसूची ट्रेफिक नावाच्या प्रॉक्सीमागे चालते. भाचा दिवाळीच्या सुट्टीत बसवून गेला. काही बदललं की मी 'डॉकर कंपोज डाउन' आणि मग 'अप' करतो, म्हणजे सगळे कंटेनर उतरवून पुन्हा उठवतो. या आठवड्यात बरेच बदल केले. आता ब्राउझर 'ट्रेफिक डिफॉल्ट सर्ट' दाखवून धोक्याची सूचना देतो आणि लॉगमध्ये 'टू मेनी सर्टिफिकेट्स' असं येतं. सर्टिफिकेट देणारी संस्था लेट्स एन्क्रिप्ट आहे. — ग्रंथपाल, सांगली

उत्तर : तुमचं सर्टिफिकेट कंटेनरच्या पोटात साठत होतं. 'डाउन' म्हटलं की कंटेनर पुसला जातो, त्याच्याबरोबर सर्टिफिकेटही जातं. मग 'अप' झाल्यावर ट्रेफिक लेट्स एन्क्रिप्टकडे नवं मागायला जातो. त्यांचा नियम असा, की अगदी त्याच नावांच्या संचासाठी ७ दिवसांत ५ सर्टिफिकेटं मिळतात. ती संपली की साधारण ३४ तासांनी एक जागा मोकळी होते. म्हणजे वाट पाहायची, आणि तोवर 'डाउन-अप' पूर्ण बंद. संचात एखादं जादा नाव घालून वेगळं सर्टिफिकेट मिळवता येतं, पण मूळ दुखणं तसंच ठेवून असं केलंत तर पुढच्या आठवड्यात पुन्हा इथेच याल.

मूळ दुखणं 'एक्मे डॉट जेसन' या फाइलचं आहे. तिच्यात तीन गोष्टी असतात : लेट्स एन्क्रिप्टकडच्या तुमच्या खात्याची किल्ली, तुमच्या डोमेनची खाजगी किल्ली आणि सर्टिफिकेट. ही फाइल कंटेनरबाहेर, सर्व्हरच्या डिस्कवर असायला हवी आणि कंटेनरला ती माउंट करून, म्हणजे बाहेरून आत जोडून, द्यायला हवी. इथे एक खाच आहे, तिच्यात माझ्याकडे शिकायला येणारी जवळजवळ सगळी मुलं अडकतात. माउंटच्या ओळीत फाइलचं नाव लिहिलं, पण डिस्कवर ती फाइल मुळात नाहीच, तर डॉकर तक्रार करत नाही. त्याच नावाचा एक रिकामा फोल्डर बनवून मोकळा होतो. मग ट्रेफिकला फाइलच्या जागी फोल्डर सापडतो आणि लॉगमध्ये 'इज अ डिरेक्टरी' येतं. तेव्हा आधी 'टच' करून रिकामी फाइल बनवा, तिला 'सीएचमॉड ६००' द्या, मगच कंटेनर उठवा. ६०० विसरलात तर परवानग्या फार सैल आहेत असं सांगून ट्रेफिक ती फाइल वापरायचं नाकारतो. त्याचं हे वागणं मला मनापासून पटतं. तिच्यात खाजगी किल्ली आहे, ती सर्व्हरवरच्या दुसऱ्या कुणाला वाचता येता कामा नये.

फाइलऐवजी नाव दिलेला व्हॉल्यूम (डॉकर कंटेनरबाहेर सांभाळतो ती साठवणीची जागा) वापरलात तरी उत्तम. साध्या 'डाउन'ने तो जात नाही, पण 'डाउन' पुढे 'वजा व्ही' लावलंत तर तोही जातो. इंटरनेटवरच्या कुठल्यातरी उत्तरात 'सगळं साफ करून बघा' म्हणून ती आज्ञा दिलेली असते. प्रॉक्सीच्या बाबतीत ती हाताला लागू देऊ नका.

पुढच्या वेळी प्रयोग करताना लेट्स एन्क्रिप्टचा स्टेजिंग सर्व्हर वापरा. तिथल्या मर्यादा पुष्कळ सैल आहेत. ब्राउझर त्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवत नाही, पण आपल्याला मांडणी तपासायची असते, तेवढं काम होतं. जमलं, की खऱ्या सर्व्हरवर जाताना 'एक्मे डॉट जेसन' रिकामी करायला विसरू नका, नाहीतर ट्रेफिक आतलं स्टेजिंगचंच सर्टिफिकेट देत राहतो. आणि त्या फाइलची प्रत ठेवायची तर कूटबद्ध करून ठेवा. कार्यकारिणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका.

प्रश्न : एन्जिनएक्स या प्रॉक्सीच्या कंटेनरमध्ये 'प्रॉक्सी पास'ला (विनंती कुठे पाठवायची ते सांगणारी ओळ) 'लोकलहोस्ट:३०००' दिलं आहे. सर्व्हरवर बसून कर्ल या आज्ञेने पान मागितलं तर ॲप उत्तर देतं, ब्राउझरमध्ये मात्र ५०२, म्हणजे प्रॉक्सीला मागच्या ॲपकडून उत्तर मिळालं नाही. मित्राने सांगितलं म्हणून ॲपच्या कंटेनरचा आयपी लिहिला तर चाललं. पण ॲप नव्याने बिल्ड केलं की परत ५०२. — नाशिक

उत्तर : एन्जिनएक्स कंटेनरमध्ये आहे, म्हणजे त्याचं 'लोकलहोस्ट' तो स्वतः. तिथे ३००० वर कुणीच बसलेलं नाही. आयपी लिहिणं हा उपाय नव्हे, कारण कंटेनर नव्याने बनला की त्याला कोणता आयपी मिळेल याचा नेम नाही. कंपोज फाइलमध्ये (कंटेनरांची मांडणी लिहिलेली फाइल) सर्व्हिसला जे नाव दिलं आहे तेच 'प्रॉक्सी पास'मध्ये लिहा. कंपोज स्वतःचं नेटवर्क बनवतो आणि त्या नेटवर्कवर १२७.०.०.११ या पत्त्यावर डॉकरचा स्वतःचा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सोय, नावांची उत्तरं देतो. डॉकरच्या मूळच्या 'ब्रिज' नेटवर्कवर ही सोय नाही, म्हणून 'डॉकर रन'ने चालवणाऱ्यांनी आधी स्वतःचं नेटवर्क बनवावं.

एवढ्यावर भागत नाही, आणि तुमचा दुसरा ५०२ इथूनच येतो. एन्जिनएक्स सुरू होताना नावाचा आयपी एकदाच विचारतो आणि पुढच्या रीलोडपर्यंत तोच धरून बसतो. ॲपचा कंटेनर बदलला, आयपी बदलला, एन्जिनएक्स जुन्या पत्त्यावर दार ठोठावतोय. यावर जुना आणि खात्रीचा उपाय असा : 'रिझॉल्व्हर १२७.०.०.११ व्हॅलिड=१०एस' ही ओळ घाला, ॲपचं नाव एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि 'प्रॉक्सी पास'ला तो व्हेरिएबल द्या. व्हेरिएबल दिसला की एन्जिनएक्स चालू असतानाही नावाचा आयपी पुन्हा पुन्हा विचारतो. त्या ओळीत पोर्टच्या पुढे तिरकी रेघ ठेवू नका. व्हेरिएबलबरोबर ती ठेवली तर प्रत्येक विनंती, मग ती कुठल्याही पानासाठी असो, मुखपृष्ठावरच जाते. एन्जिनएक्स १.२७.३ किंवा त्यापुढचा असेल तर 'अपस्ट्रीम'मधल्या 'सर्व्हर' ओळीला 'रिझॉल्व्ह' लावता येतं. त्यासाठी 'झोन' आणि 'रिझॉल्व्हर' दोन्ही लागतात, पण मांडणी जास्त स्वच्छ होते.

५०२ आला की ब्राउझरकडे बघत बसू नका, एन्जिनएक्सचा एरर लॉग उघडा. कारण तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. 'होस्ट नॉट फाउंड' म्हणजे नावच सापडलं नाही : स्पेलिंग चुकलं किंवा दोन कंटेनर वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत. '१११ कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे पत्ता सापडला पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. या दुसऱ्या वेळी ॲप कुठल्या पत्त्यावर ऐकतंय ते बघा. पुष्कळ फ्रेमवर्कचे डेव्हलपमेंट सर्व्हर मुळात १२७.०.०.१ वर ऐकतात, म्हणजे फक्त आपल्याच कंटेनरचं. त्यांना ०.०.०.० वर ऐकायला सांगावं लागतं.

प्रश्न : शाळेची साइट लॅपटॉपवर क्रोममध्ये व्यवस्थित उघडते, कुलूपही दिसतं. पालकांच्या अँड्रॉइड ॲपमधून मात्र सर्टिफिकेटवर विश्वास नाही असं येतं. — संगणक शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुम्ही 'सर्ट डॉट पेम' दिलं आहे, 'फुलचेन डॉट पेम' द्या. पहिल्यात फक्त तुमच्या डोमेनचं सर्टिफिकेट असतं, दुसऱ्यात त्यावर सही करणारं मधलं सर्टिफिकेटही असतं. लॅपटॉपवरचे ब्राउझर ते मधलं स्वतःहून शोधून आणतात किंवा त्यांच्याकडे आधीच असतं, त्यामुळे चूक झाकली जाते. अँड्रॉइड ॲप आणि कर्ल असं काही करत नाहीत. म्हणूनच तपासणी ब्राउझरने न करता कर्लने करावी असा माझा आग्रह असतो.

प्रश्न : सर्टबॉट (लेट्स एन्क्रिप्टकडून सर्टिफिकेट आणणारा प्रोग्राम) एका कंटेनरमध्ये आणि एन्जिनएक्स दुसऱ्या कंटेनरमध्ये, असं आमच्या कार्यालयात चालतं. सर्टबॉटच्या लॉगप्रमाणे सर्टिफिकेट महिन्यापूर्वीच नवं झालं. तरी काल सकाळी सगळ्यांना 'मुदत संपली' दिसलं. एन्जिनएक्स रीस्टार्ट केल्यावर ठीक झालं. हे परत होऊ नये म्हणून काय करावं? — पुणे

उत्तर : तुमच्या पत्राला जास्त जागा देते, कारण हा प्रकार येत्या काळात वाढणार आहे.

एन्जिनएक्स सर्टिफिकेट सुरू होताना वाचतो आणि मेमरीत ठेवतो. डिस्कवर नवी फाइल आली याचा त्याला पत्ता नसतो. एकाच मशीनवर दोघे असते तर सर्टबॉटच्या 'डिप्लॉय हुक'मधून (सर्टिफिकेट नवं झालं की चालणारी आज्ञा) 'एन्जिनएक्स वजा एस रीलोड' चालवलं की झालं असतं. कंटेनर वेगळे असल्यामुळे सर्टबॉटला शेजारच्या कंटेनरमध्ये हात घालता येत नाही. काही जण त्यासाठी सर्टबॉटला डॉकरचं सॉकेट, म्हणजे डॉकरला आज्ञा देण्याची खिडकी, देतात. ते करू नका. ज्याच्याकडे सॉकेट आहे त्याच्याकडे सर्व्हरचं रूट, म्हणजे पूर्ण ताबा, आहे असंच समजायचं, आणि माउंटला 'आरओ' लावल्याने त्यात काही फरक पडत नाही : सॉकेटची फाइल वाचनापुरती झाली तरी त्यातून हव्या त्या आज्ञा देता येतात. सॉकेटमधून कंटेनर ओळखणाऱ्या ट्रेफिकलाही मी सॉकेट थेट देत नाही, मध्ये गाळणी म्हणून वेगळा सॉकेट प्रॉक्सी ठेवते.

साधा मार्ग सर्व्हरच्या क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून, जातो. दर रात्री आधी एन्जिनएक्सच्या कंटेनरमध्ये 'एन्जिनएक्स वजा टी' चालवून मांडणी तपासायची, ती ठीक निघाली तर रीलोड करायचं. रीलोडमध्ये चालू जोडण्या तुटत नाहीत : नवे वर्कर नव्या सर्टिफिकेटने सुरू होतात आणि जुने हातातलं काम संपवून थांबतात. म्हणून रोज केलं तरी काही बिघडत नाही. क्रॉनमध्ये 'डॉकर कंपोज एक्झेक'ला मोठ्या लिपीतला 'वजा टी' लावा. क्रॉनकडे टर्मिनल नसतं, त्यामुळे तो नसेल तर आज्ञा अडते आणि आपल्याला वाटत राहतं की रीलोड होतंय.

माउंटही तपासा. सर्टबॉटच्या 'लाइव्ह' फोल्डरमध्ये खऱ्या फाइली नसतात, 'आर्काइव्ह' फोल्डरमधल्या फाइलींकडे बोट दाखवणाऱ्या लिंका असतात. नुसता 'लाइव्ह' माउंट केला तर कंटेनरच्या आत त्या लिंका कुठेच पोचत नाहीत आणि फाइल समोर दिसत असूनही एन्जिनएक्स 'नो सच फाइल' म्हणतो. अख्खा 'लेट्सएन्क्रिप्ट' फोल्डर माउंट करा, एन्जिनएक्सला फक्त वाचण्यापुरता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिस्कवरचं सर्टिफिकेट नवं आहे की नाही हे बघून उपयोग नाही, बाहेर काय दिलं जातंय ते बघायचं. 'ओपनएसएसएल एस अंडरस्कोर क्लायंट'ने तुमच्या डोमेनच्या ४४३ ला जोडा, 'सर्व्हरनेम'मध्ये डोमेन द्या आणि जे येईल ते 'ओपनएसएसएल एक्स५०९'कडून 'डेट्स' मागून वाचा. 'नॉट आफ्टर'ची तारीख हेच सत्य. माझ्याकडच्या प्रत्येक साइटसाठी हीच तपासणी रोज पहाटे दुसऱ्या मशीनवरून होते आणि २० दिवसांपेक्षा कमी उरले तर मला मेल येतो. लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी मुदत संपण्याची मेल पाठवत असे, ती ४ जून २०२५ पासून बंद झाली. त्या मेलच्या भरवशावर बसलेली कितीतरी कार्यालयं मला अजून भेटतात.

हा प्रकार वाढणार असं का म्हटलं, तर सर्टिफिकेटांचं आयुष्यच कमी होतंय. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणारे ज्या सीए-ब्राउझर फोरममध्ये बसतात, तिथे एप्रिल २०२५ मध्ये ठरलं : जास्तीत जास्त मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. त्याआधी ती ३९८ दिवस होती. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट पहिल्यापासून ९० दिवसांचं, तेही पुढे ४५ वर आणायचं त्यांनी जाहीर केलं आहे. वर्षातून एकदा हाताने फाइल बदलणाऱ्यांचे दिवस संपले. जिथे रीलोड कुणाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून आहे, तिथे ही सकाळ वर्षातून बऱ्याच वेळा येईल.

प्रश्न : प्रॉक्सी लावला, 'यूएफडब्ल्यू' फायरवॉलमध्ये फक्त २२, ८० आणि ४४३ उघडे ठेवले. तरी एका ओळखीच्याने आमच्या ॲपचं पान ८०८० वरून, एचटीटीपीएसशिवाय, त्याच्या घरून उघडून दाखवलं. हे कसं शक्य आहे? — पतसंस्थेचे लिपिक, ठाणे

उत्तर : त्यांचे आभार माना, आणि हे उत्तर वाचून झाल्यावर आजच सर्व्हरवर बसा.

कंपोज फाइलमध्ये ॲपखाली 'पोर्ट्स : ८०८०:८०८०' अशी ओळ आहे. तिचा अर्थ सर्व्हरच्या सगळ्या पत्त्यांवर, म्हणजे इंटरनेटवरही, ८०८० उघडा असा होतो. ते उघडण्यासाठी डॉकर थेट आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये, नियम लिहितो. आलेलं पॅकेट 'इनपुट' साखळीत जाण्याआधीच त्याचा पत्ता बदलून ते कंटेनरकडे वळवलं जातं, आणि यूएफडब्ल्यूचे तुम्ही लिहिलेले नियम त्या 'इनपुट' साखळीत बसलेले असतात. पुढच्या दाराला भक्कम कुलूप लावून परसदार उघडं टाकण्यासारखं हे आहे, आणि यूएफडब्ल्यूच्या यादीत हे परसदार दिसतही नाही. म्हणून ती यादी बघून आपण निर्धास्त राहतो.

प्रॉक्सी लावला की ॲपला 'पोर्ट्स' लागतच नाही. ती ओळ पुसून टाका. प्रॉक्सी आणि ॲप एकाच डॉकर नेटवर्कवर असले की प्रॉक्सी सर्व्हिसच्या नावाने ॲपपर्यंत पोचतो. 'पोर्ट्स' फक्त प्रॉक्सीखाली असावं, ८० आणि ४४३ साठी. स्वतःला तपासायला ॲप थेट हवंच असेल तर '१२७.०.०.१:८०८०:८०८०' लिहा, मग ते सर्व्हरच्या बाहेर जात नाही. डेटाबेसखाली ५४३२ किंवा ३३०६ असं काही दिसलं तर तेही काढा. पतसंस्थेच्या सभासदांची खाती त्या डेटाबेसमध्ये आहेत. आपल्याकडच्या लहान संस्थांत हा प्रकार मी इतका पाहते की नवं काम घेतल्यावर माझी पहिली आज्ञा 'डॉकर पीएस' असते : 'पोर्ट्स'च्या रकान्यात '०.०.०.०' कुठे कुठे दिसतं ते बघायचं. नंतर मोबाइलच्या इंटरनेटवरून एकदा 'एनमॅप' (उघडी पोर्टं शोधणारं साधन) चालवायचं, कारण आतून केलेली तपासणी या बाबतीत फसवते.

तुमच्या पत्रात आणखी एक वाक्य होतं, ते छापलं नाही : खाजगी किल्ली इमेजमध्येच (ज्या साच्यातून कंटेनर बनतो तो) 'कॉपी' केली आहे. ती इमेज रजिस्ट्रीवर, म्हणजे इमेजच्या ऑनलाइन कोठारात, ढकलली असेल, तर ज्याला ज्याला ती इमेज ओढता येते त्या प्रत्येकाकडे तुमची किल्ली आहे असं धरा. डॉकरफाइलच्या पुढच्या ओळीत 'आरएम' करून ती जात नाही, आधीच्या थरात तशीच राहते आणि 'डॉकर सेव्ह'ने कुणीही बाहेर काढू शकतो. नवी किल्ली बनवा, नवं सर्टिफिकेट घ्या आणि जुनं 'की कॉम्प्रमाइज' हे कारण देऊन रद्द करा. यापुढे किल्ली चालू होताना माउंट करायची, इमेजमध्ये कधीही नाही.

प्रश्न : जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर बनवलेल्या साइटपुढे प्रॉक्सी लावल्यापासून ब्राउझर 'टू मेनी रीडायरेक्ट्स' म्हणतो. रीडायरेक्ट बंद केलं तर लॉगिनला ४०३ (परवानगी नाही) येतो. — विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : जँगोला प्रॉक्सीकडून साधं एचटीटीपी मिळतं, म्हणून तो 'एचटीटीपीएसवर जा' असं सांगतो. ब्राउझर तिथेच असतो, पुन्हा येतो, आणि चक्र चालू राहतं. प्रॉक्सीने 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हा (मूळ जोडणी एचटीटीपीएसची होती हे सांगणारा) हेडर स्वतः लिहून पाठवायला हवा आणि जँगोच्या सेटिंग्जमध्ये 'सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर' लावून त्यावर विश्वास ठेवायला सांगायला हवं. ४०३ साठी 'सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स'मध्ये डोमेन लिहा, जँगो ४.० पासून पुढे 'एचटीटीपीएस' धरून पूर्ण. आणि ठाण्याच्या पत्राचं उत्तर तुम्हीही वाचा : ॲपचं पोर्ट बाहेर उघडं असेल तर तोच हेडर कुणीही खोटा पाठवू शकतो.

प्रश्न : केडी हा प्रॉक्सी वापरतो. त्याची मांडणीची फाइल, केडीफाइल, सर्व्हरवर बदलली, 'केडी रीलोड' केलं, तरी आत जुनीच मांडणी. — चिपळूण

उत्तर : तुम्ही एकटी फाइल माउंट केली आहे. विमसारखे एडिटर सेव्ह करताना बऱ्याचदा नवी फाइल बनवून जुनीच्या जागी ठेवतात. कंटेनर मात्र जुन्या फाइलला चिकटलेला राहतो. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डर माउंट करा. निवड तुम्ही चांगली केली आहे. एक-दोन साइटच्या संस्थेला मी केडीच सुचवते, सर्टिफिकेट घेणं, नवं करणं आणि नवं झालेलं वापरायला लागणं ही तिन्ही कामं तो स्वतः करतो. त्याचा 'डेटा' फोल्डर तेवढा व्हॉल्यूमवर ठेवा, कारण किल्ल्या त्यातच असतात.

प्रश्न : दवाखान्यातल्या छोट्या मशीनवर रुग्णांच्या नोंदीचं ॲप आहे. घरगुती ब्रॉडबँड आहे, ८० आणि ४४३ राउटरमध्ये फॉरवर्ड केले तरी लेट्स एन्क्रिप्ट 'टाइमआउट' म्हणतं. — डॉक्टर, पणजी

उत्तर : राउटरच्या पानावर बाहेरचा म्हणजे 'वॅन' आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात. फॉरवर्ड केलेलं पोर्ट बाहेरून दिसणारच नाही. तुम्हाला ॲप दवाखान्यातच हवं असेल तर ते बाहेर दिसू नये हेच बरं. 'डीएनएस-०१' पद्धत वापरा : तिच्यात लेट्स एन्क्रिप्ट तुमच्या मशीनपर्यंत येत नाही, डोमेनच्या डीएनएसमध्ये ठेवलेली एक टीएक्सटी नोंद वाचतं. सर्टिफिकेट खरं मिळतं आणि डोमेन तुम्ही १९२.१६८ च्या आतल्या पत्त्याकडे वळवू शकता. डीएनएसच्या टोकनला फक्त त्या एकाच डोमेनपुरते अधिकार द्या. केडी वापरणार असाल तर तयार इमेजमध्ये तुमच्या डीएनएस कंपनीचा प्लगइन नसतो, 'बिल्डर' टॅगच्या इमेजमधून स्वतः बांधावा लागतो.

प्रश्न : आमच्या मंडळाने '.भारत'मध्ये मराठी डोमेन घेतलं आहे. 'सर्व्हर नेम'मध्ये देवनागरीत लिहिलं, पण एन्जिनएक्स भलतीच साइट दाखवतो. मराठी डोमेनला सर्टिफिकेट मिळतं का? — धुळे

उत्तर : मिळतं, लेट्स एन्क्रिप्ट २०१६ पासून देतं. मराठी नाव घेतलंत याचा मला आनंद आहे, ते चालायलाच हवं. ब्राउझर देवनागरी नाव दाखवतो, पण तारेवरून पाठवताना त्याचं प्युनीकोड रूप पाठवतो, 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं. एन्जिनएक्सला तेच रूप कळतं. ते न जुळल्यामुळे तो पहिली सापडेल ती साइट देतोय. डोमेन विकणाऱ्याच्या पॅनेलमध्ये ते रूप दिलेलं असतं, तिथूनच उचला. 'सर्व्हर नेम', सर्टबॉटची आज्ञा आणि ॲपची सेटिंग्ज, तिन्हीकडे तेच लिहा.

प्रश्न : कारखान्यातलं हजेरीचं जुनं मशीन फक्त टीएलएस १.० बोलतं. प्रॉक्सीमध्ये १.० सुरू केलं तरी जोडणी होत नाही. ओपनएसएसएलची सुरक्षा पातळी शून्य करा असं कुणी सुचवलं. करू का? — अमरावती

उत्तर : मुख्य प्रॉक्सीवर करू नका. टीएलएस १.० हे १९९९ सालचं, मार्च २०२१ मध्ये ते आणि १.१ अधिकृतपणे बाद झालं. सध्याच्या इमेजमधलं ओपनएसएसएल ३ ते नेहमीच्या सुरक्षा पातळीवर चालूच देत नाही, म्हणून नुसत्या एन्जिनएक्सच्या ओळीने काम झालं नाही. पातळी शून्यावर आणलीत तर त्या प्रॉक्सीमागच्या पगाराच्या आणि हिशेबाच्या साइटही त्याच पातळीवर येण्याचा धोका आहे. शिवाय एन्जिनएक्समध्ये एकाच पत्त्यावर आणि पोर्टवर अनेक साइट असतील तर प्रोटोकॉलची निवड पहिल्या साइटवरून ठरते, त्यामुळे 'फक्त या साइटला १.०' हे जमेलच असं नाही.

मशीन लगेच बदलता येत नसेल तर त्याच्यासाठी दुसरा एन्जिनएक्स कंटेनर उभा करा. त्याचं सर्टिफिकेट वेगळं, किल्ली वेगळी, आणि तो हजेरी घेणारा एकच मार्ग पुढे पाठवेल, बाकी सगळ्याला ४०४. 'पोर्ट्स'मध्ये कारखान्याच्या आतल्या नेटवर्कचा आयपी लिहून पोर्ट तेवढ्यापुरतं बांधा, आणि आयपीटेबल्समधल्या 'डॉकर-यूजर' साखळीत (कंटेनरकडे जाणाऱ्या पॅकेटांसाठी आपले नियम लिहायची जागा) फक्त हजेरी मशीनच्या आयपीला परवानगी द्या. यूएफडब्ल्यूमध्ये लिहिलेला नियम इथे लागू होत नाही हे ठाण्याच्या पत्रात आलंच आहे. नवं मशीन बसलं की हा कंटेनर, त्याचं पोर्ट आणि त्याची किल्ली त्याच दिवशी काढून टाका.